लुईझियानातला डब्ल्यूएचओविरोधी कायदा: प्रत्यक्षात काय बदलतं आणि काय बदलत नाही

प्रश्न असा आला आहे: “आम्ही लुईझियानात राहतो. माझी पत्नी सरकारी विद्यापीठाच्या रुग्णालयात संसर्गजन्य रोगांच्या विभागात डॉक्टर आहे. जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ), संयुक्त राष्ट्रे आणि वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम यांना इथे कसलाही अधिकार नाही, असा कायदा राज्याने केला आहे. उद्या तिने डब्ल्यूएचओची मार्गदर्शक सूचना वाचून उपचार ठरवले तर तो कायदेभंग होईल का? या कायद्याने नेमकं काय बदललं? आणि महाराष्ट्राची विधानसभा असा कायदा करू शकेल का?”

आधी पत्नीबद्दल, कारण खरी काळजी तिचीच दिसते. रुग्णाला पाहून, उपलब्ध पुरावा वाचून, स्वतःच्या वैद्यकीय विवेकाने केलेला उपचार या कायद्याच्या कक्षेत येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तिने वाचलेला पुरावा जिनिव्हातून, म्हणजे डब्ल्यूएचओकडून, आला की अटलांटातून, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राकडून, याने फरक पडत नाही. सरकारी संस्थेने डब्ल्यूएचओचं धोरण ‘लागू करणं’ हा वेगळा प्रश्न आहे. तिथे थोडी सावधगिरी हवी, आणि ती का हवी ते सविस्तर सांगतो. अमेरिकेतल्या स्थानिक सरकारांना आणि आरोग्य विभागांना कायदेशीर सल्ला देणं हे माझं बरीच वर्षं काम आहे. या विषयावर दोन्ही बाजूंनी इतका आवाज चढलेला असतो, की कायद्याचा मजकूर शांतपणे वाचायला कुणी थांबत नाही.

हे विधेयक सिनेटर थॉमस प्रेसली यांनी २०२४ च्या अधिवेशनात मांडलं. राज्याच्या सिनेटमध्ये ते एकही विरोधी मत न पडता मंजूर झालं, गव्हर्नर जेफ लँड्री यांनी त्यावर सही केली आणि १ ऑगस्ट २०२४ पासून ते लागू झालं. त्याचा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो. या तीन संस्थांना लुईझियानात कोणताही अधिकार किंवा सत्ता नाही. आणि राज्य सरकार, पॅरिश (लुईझियानातले जिल्हे), शहरं किंवा इतर कोणतीही सार्वजनिक संस्था यांनी या तिघांचा नियम, शुल्क, कर, धोरण किंवा आदेश अमलात आणायचा नाही. ऑक्लाहोमाने त्याच वर्षी जवळपास असाच कायदा केला. फ्लोरिडाने त्याआधी, २०२३ मध्ये, केला होता. तो वेगळ्या शब्दांत आहे आणि माझ्या मते जास्त विचारपूर्वक लिहिलेला आहे. त्याकडे पुढे येतो.

पहिलं वाक्य कायद्याने नवं काहीच घडवत नाही. या तीन संस्थांना लुईझियानात २०२३ मध्येही अधिकार नव्हता. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम हे तर स्वित्झर्लंडमधलं प्रतिष्ठान आहे. दावोसला परिषदा भरवण्यापलीकडे जगातल्या कोणत्याही गावाला नियम घालून देण्याची सत्ता त्याच्याकडे नाही. संयुक्त राष्ट्रांचे ठराव देशांना उद्देशून असतात. डब्ल्यूएचओच्या बहुतेक कागदांना शिफारशींचा दर्जा असतो. आणि ज्यांना बंधनकारक दर्जा आहे, तेही देशाला बांधतात, पॅरिशच्या आरोग्य अधिकाऱ्याला नाही.

हे मी मनाने सांगत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न सर्वांत कठीण प्रकरणात सोडवला आहे, आणि तो खटला माहीत असल्याशिवाय या कायद्यांचं मोल ठरवता येत नाही.

होजे मेडेलिन हा मेक्सिकन नागरिक. ह्यूस्टनमध्ये १९९३ साली दोन मुलींवर बलात्कार करून त्यांचा खून केल्याबद्दल त्याला मृत्युदंडाची शिक्षा झाली. अटक झाल्यावर ‘तुला तुझ्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधता येईल’ हे त्याला सांगायला हवं होतं. व्हिएन्ना कराराने अमेरिकेने ते मान्य केलं होतं. पण कुणी सांगितलं नाही. मेक्सिकोने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. त्या न्यायालयाने मार्च २००४ मध्ये निकाल दिला, की अशा ५१ मेक्सिकन नागरिकांच्या प्रकरणांचा अमेरिकेने फेरविचार करावा. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी २००५ मध्ये लेखी सूचना काढली की राज्यांच्या न्यायालयांनी हा निकाल मानावा. टेक्सासने मानला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २५ मार्च २००८ रोजी निकाल लागला. हेगच्या निकालाने अमेरिकेवर आंतरराष्ट्रीय जबाबदारी येते, हे न्यायालयाने मान्य केलं. पण काँग्रेसने कायदा करून तो निकाल देशात लागू केलेला नसेल, तर टेक्सासच्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही. राष्ट्राध्यक्षांच्या सूचनेनेही तो बंधनकारक होत नाही. ऑगस्ट २००८ मध्ये मेडेलिनला मृत्युदंड देण्यात आला.

आता विचार करा. एका बाजूला संयुक्त राष्ट्रांचं प्रमुख न्यायालय, अमेरिकेने स्वतः मान्य केलेला करार आणि पदावर असलेला राष्ट्राध्यक्ष. दुसऱ्या बाजूला एक राज्य. राज्य जिंकलं, आणि त्यासाठी त्याला ‘संयुक्त राष्ट्रांना टेक्सासमध्ये अधिकार नाही’ असा कायदा करावा लागला नाही. मग मुखपट्टीबद्दलची किंवा लसीबद्दलची डब्ल्यूएचओची शिफारस थेट बॅटन रूजमध्ये, लुईझियानाच्या राजधानीत, येऊन कुणाला बांधेल, ही भीती कायद्याच्या पातळीवर टिकत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. आंतरराष्ट्रीय करार देशात लागू करण्यासाठी काँग्रेसने कायदा केला, तर राज्याचा कायदा त्यापुढे टिकत नाही. अमेरिकी संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदात करारांना देशाच्या सर्वोच्च कायद्यात स्थान दिलेलं आहे. स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणासाठी कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी १९१६ मध्ये करार झाला, त्यावर १९१८ मध्ये काँग्रेसचा कायदा आला. ‘आमच्या हद्दीतले पक्षी आमचे’ म्हणत मिझुरी राज्य न्यायालयात गेलं आणि १९२० मध्ये हरलं. म्हणजे लुईझियानाचा कायदा जिथे खरोखर उपयोगी पडला असता, तिथेच तो निष्प्रभ आहे. डब्ल्यूएचओचं एखादं बंधन फेडरल कायदा म्हणून आलं, तर ते डब्ल्यूएचओचं राहत नाही, वॉशिंग्टनचं होतं. वॉशिंग्टनपासून राज्यांना जे संरक्षण आहे ते संविधानातून येतं. काँग्रेसने राज्याच्या अधिकाऱ्यांना कामाला जुंपायचं नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये पक्कं केलं आहे.

मग इतकी भीती येते कुठून? तिला जुना इतिहास आहे, आणि त्यात आपल्या लोकांचा संबंध आहे. कॅलिफोर्नियात १९२० चा एक कायदा होता: ज्यांना अमेरिकी नागरिक होता येत नाही अशा परदेशी लोकांना शेतजमीन घेता येणार नाही. रोख जपान्यांवर होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीयांनाही नागरिकत्व नाकारलं गेलं आणि पंजाबी शेतकरी त्याच कायद्याच्या कचाट्यात सापडले. दुसऱ्या महायुद्धानंतर सेई फुजी नावाच्या जपानी गृहस्थाने तो कायदा आव्हानात आणला. १९५० मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने म्हटलं की हा कायदा संयुक्त राष्ट्रांच्या सनदेशी विसंगत आहे, म्हणून टिकत नाही. देशभर खळबळ उडाली. वर्णभेदाचे कायदे राखू पाहणाऱ्या राज्यांना वाटलं, उद्या ही सनद आमचेही कायदे पाडेल. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्दच केला, पण आधार बदलला. सनद स्वतःहून देशी कायदा ठरत नाही. हा कायदा अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या विरुद्ध आहे म्हणून जातो, असं ते न्यायालय म्हणालं.

तरी भीती ओसरली नाही. ओहायोचे सिनेटर जॉन ब्रिकर यांनी करारांच्या सत्तेला लगाम घालणारी घटनादुरुस्ती मांडली आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये तिचा एक पर्यायी मसुदा सिनेटमध्ये फक्त एका मताने पडला. आजच्या राज्य कायद्यांमागची चिंता तीच आहे, फक्त ती आता विधिमंडळांच्या वाटेने येते.

या चिंतेला मी खुळी म्हणत नाही. आपल्याला न विचारता, आपल्याला उत्तरदायी नसलेल्या माणसांनी साथीच्या काळात आपल्या घराचे नियम ठरवावेत, हे कुणालाही सहन होत नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रँडच्या सोजिरांनी घराघरांत घुसून ज्या झडत्या घेतल्या, त्याची आठवण महाराष्ट्राने सव्वाशे वर्षं जपली आहे. करोनाच्या काळात शाळा, दुकानं आणि प्रार्थनास्थळं बंद झालेल्या लोकांच्या मनात तोच प्रश्न होता: हे ठरवलं कुणी? अमेरिकेत याचं उत्तर बहुतेक वेळा ‘तुमच्याच गव्हर्नरने’ असं होतं. साथीच्या काळातली सत्ता इथे मुळात राज्याकडे असते, हे सक्तीच्या लसीकरणाबद्दलच्या १९०५ च्या जेकबसन खटल्यापासून पक्कं आहे. तरीही एका जागी टीकाकारांचं म्हणणं मला मनापासून पटतं. डब्ल्यूएचओच्या घटनेनुसार तिची आरोग्य नियमावली ‘मौन म्हणजे संमती’ या पद्धतीने लागू होते. ठरलेल्या मुदतीत नकार कळवला नाही तर देश बांधला जातो. २००५ ची नियमावली अमेरिकेला २००७ मध्ये अशीच लागू झाली. ती दोन तृतीयांश संमतीसाठी सिनेटपुढे गेली नव्हती. अमेरिकेने त्या वेळी आपल्या संघराज्य रचनेबद्दल राखीव अट नोंदवली, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतल्या बाबी राज्यांकडेच राहिल्या. पण निर्णय कार्यकारी शाखेने एकटीने घेतला, ही तक्रार खरी आहे. तिचं उत्तर काँग्रेसकडे मागायला हवं. राज्याच्या कायद्याने ती दूर होत नाही.

डब्ल्यूएचओच्या महासाथ कराराबद्दलही बरंच पसरवलं गेलं. २० मे २०२५ रोजी मंजूर झालेल्या त्या करारात स्पष्ट लिहिलं आहे, की डब्ल्यूएचओच्या सचिवालयाला कोणत्याही देशाचे कायदे बदलण्याचा, लसीकरण सक्तीचं करण्याचा किंवा टाळेबंदी लावण्याचा अधिकार या कराराने मिळत नाही. आरोग्य नियमावलीतल्या २०२४ च्या दुरुस्त्या अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये नाकारल्या. आणि २२ जानेवारी २०२६ पासून अमेरिका डब्ल्यूएचओची सदस्यच उरलेली नाही.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे, म्हणजे ‘अमलात आणायचं नाही’ याकडे. कायद्याचा खरा परिणाम इथे होतो, आणि तो आदेशांवर होत नाही. सार्वजनिक संस्था स्वेच्छेने, सोयीसाठी, शहाणपणाने जे स्वीकारतात त्यावर होतो. काही ठोस उदाहरणं देतो, कारण तुमच्या पत्नीच्या रुग्णालयात यातलं बरंच काही रोज घडत असणार.

रुग्णालयातल्या प्रत्येक निदानाला जो संकेतांक लावला जातो, त्याची मूळ वर्गवारी डब्ल्यूएचओची आहे. अमेरिकेत मृत्यूच्या दाखल्यांवरची कारणं १९९९ पासून त्याच वर्गवारीच्या दहाव्या आवृत्तीने नोंदवली जातात, आणि रुग्णालयांची बिलं १ ऑक्टोबर २०१५ पासून तिच्या अमेरिकी रूपाने. हे डब्ल्यूएचओचं ‘धोरण अमलात आणणं’ झालं का? नाही, कारण बिलांसाठी ती वर्गवारी वापरणं फेडरल नियमाने बंधनकारक आहे. दर हिवाळ्याच्या फ्लूच्या लशीत कोणते विषाणू घ्यावेत याची शिफारस डब्ल्यूएचओ फेब्रुवारीत करते, पण निर्णय अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा असतो. न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर आणि मिसिसिपीवरच्या बंदरांत संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांची मानकं दिवसरात्र पाळली जातात. तीही फेडरल कायद्यातून आलेली आहेत. इथवर अडचण नाही.

अडचण येते ती पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीकरण दाखल्यासारख्या ठिकाणी. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वर असलेल्या देशात जाऊन मग भारतात येणाऱ्याला हा दाखला दाखवावा लागतो, आणि भारत याबाबतीत अतिशय कडक आहे. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. केनियात जंगल सफारी करून मुंबईला उतरणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना हे चांगलं ठाऊक असतं. दाखल्याचा नमुना डब्ल्यूएचओच्या आरोग्य नियमावलीतला आहे. तो देणारी लसीकरण केंद्रं नेमायची आणि त्यांना अधिकृत शिक्का द्यायचा हे काम अमेरिकेत वर्षानुवर्षं राज्यांचे आरोग्य विभाग करत आले आहेत. अक्षरशः वाचलं, तर डब्ल्यूएचओच्या नियमाची ही राज्य यंत्रणेकडून अंमलबजावणी आहे. कोणतंही न्यायालय असा अर्थ लावून हे काम थांबवेल, असं मला वाटत नाही. नागरिकांना त्रास देणं हा कायद्याचा हेतू नव्हता. पण शिक्का मारणारा कारकून न्यायाधीश नसतो. तो मजकूर वाचतो, घाबरतो आणि फाइल वरच्या टेबलावर ढकलतो.

ज्या राज्यात हे घडू शकतं तिथला इतिहास बघा. १८५३ च्या पीतज्वरात न्यू ऑर्लिन्समध्ये सुमारे आठ हजार माणसं मेली. त्यानंतर १८५५ मध्ये लुईझियानाने राज्य आरोग्य मंडळ स्थापन केलं, अमेरिकेतलं पहिलं. या देशातली पीतज्वराची शेवटची मोठी साथ १९०५ मध्ये आली, तीही न्यू ऑर्लिन्सलाच. बाहेरच्या बंदरांतून काय येतंय याची बातमी वेळेवर मिळणं म्हणजे काय, हे या शहराने सर्वांत महाग किंमत देऊन शिकलं आहे. म्हणून मजकुराच्या ढिलाईची मला जास्त काळजी वाटते.

मजकूर नीट लिहिता येतो, हे फ्लोरिडाने दाखवलं. तिथला कायदा म्हणतो: सरकारी संस्था आणि शिक्षणसंस्था यांनी आंतरराष्ट्रीय आरोग्य संघटनेची धोरणं किंवा मार्गदर्शक सूचना स्वीकारू नयेत, मात्र राज्याचा कायदा, नियम किंवा गव्हर्नरचा आणीबाणीतला आदेश तशी परवानगी देत असेल तर चालेल. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. ती म्हणते, निर्णय आमच्या निवडून आलेल्या लोकांचा असेल. सल्ला कुणाचाही चालेल. राज्याचं स्वातंत्र्य राखायचं असेल तर एवढं पुरेसं आहे, आणि आरोग्य खात्याला एका नियमाची दुरुस्ती करून कामाला लागता येतं. लुईझियानाच्या मजकुरात अशी पळवाट नाही, म्हणून अर्थ लावण्याचा सगळा भार खालच्या अधिकाऱ्यांवर पडतो.

अलाबामाने याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन २०१२ मध्ये ‘अजेंडा २१’ विरुद्ध कायदा केला. अजेंडा २१ हा संयुक्त राष्ट्रांच्या रिओतल्या १९९२ च्या परिषदेतला, बंधन नसलेला, शाश्वत विकासाचा आराखडा. कायद्याने बंदी घातली ती योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय खासगी मालमत्तेवर गदा आणणाऱ्या, आणि अजेंडा २१ मधून आलेल्या धोरणांवर. योग्य प्रक्रियेशिवाय मालमत्तेवर गदा आणायला अमेरिकेचं संविधान आधीच मनाई करतं. पण असा कायदा पुस्तकात असला, की सायकलमार्ग किंवा पूररेषेचा आराखडा मांडणाऱ्या नगर नियोजकाला प्रत्येक सभेत ‘हे रिओहून आलंय का?’ याचं उत्तर देत बसावं लागतं.

तुमच्या पत्नीसाठी व्यवहारातला सल्ला असा. रुग्णालयाची उपचारपद्धती लिहिताना ‘डब्ल्यूएचओच्या सूचनेनुसार’ असं एकटं वाक्य ठेवू नका. पुरावा काय, तो कोणत्या वैद्यकीय अभ्यासांतून आला, रुग्णालयाच्या समितीने तो कधी तपासून स्वीकारला, हे लिहा. निर्णय संस्थेचा आहे हे कागदावर दिसलं पाहिजे. चांगल्या वैद्यकीय कामात तसंही हेच अपेक्षित असतं. रुग्णांची माहिती परदेशी संस्थेला थेट पाठवायची वेळ आली, किंवा संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या शाखेशी संशोधनाचा करार करायचा असेल, तर मात्र स्वतः अर्थ लावू नका. विद्यापीठाच्या विधी विभागाकडून लेखी मत घ्या. प्रश्न मोठा असेल तर सार्वजनिक संस्थेला राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे मुख्य विधी अधिकाऱ्याकडे, अधिकृत मत मागता येतं. ते मागायला संकोच करू नये. त्या मताने पुढच्या दहा जणांची भीती जाते.

सगळीच राज्यं या दिशेने चाललेली नाहीत. अमेरिका डब्ल्यूएचओतून बाहेर पडताच कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२६ मध्ये डब्ल्यूएचओच्या साथप्रतिसाद जाळ्यात स्वतः सामील होत असल्याचं जाहीर केलं. त्यालाही मर्यादा आहेत. राज्यांनी परराष्ट्रांशी तह करू नयेत असं संविधान सांगतं, आणि म्यानमारवर स्वतःचा बहिष्कार घालू पाहणाऱ्या मॅसॅच्युसेट्सला सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये एकमताने रोखलं होतं. माहितीची देवाणघेवाण मात्र तहाच्या खूप अलीकडे राहते.

राहिला महाराष्ट्राचा प्रश्न. आपल्या राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे, म्हणून वाटतं की विधानसभेला मोकळीक असेल. पण परराष्ट्र व्यवहार, संयुक्त राष्ट्रे, आंतरराष्ट्रीय परिषदांमधला सहभाग आणि करार हे विषय संघसूचीत स्वतंत्रपणे नोंदलेले आहेत. त्यावर अनुच्छेद २५३ आहे: कोणताही आंतरराष्ट्रीय करार, किंवा आंतरराष्ट्रीय परिषदेत वा संस्थेत झालेला निर्णयसुद्धा, अमलात आणण्यासाठी संसद देशभर लागू होणारा कायदा करू शकते, विषय राज्यसूचीतला असला तरीही. १९८१ चा वायुप्रदूषण कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा संसदेने स्टॉकहोमच्या १९७२ च्या परिषदेचा आधार घेऊनच केले. अमेरिकेत काँग्रेसला अशा ठिकाणी न्यायालयांशी झगडावं लागतं. भारतात घटनाकारांनी ती सत्ता संसदेला थेट लिहून दिली. महाराष्ट्र आपल्या आरोग्य खात्याला ‘मंत्रिमंडळाच्या मंजुरीशिवाय परदेशी संस्थेची मार्गदर्शक सूचना स्वीकारू नका’ असा नियम घालू शकेल, फ्लोरिडासारखा. पण संसदेने किंवा केंद्राने त्या विषयावर वैध कायदा केला, की राज्याचा तो नियम तेवढ्यापुरता बाजूला पडेल. लुईझियानासारखं ‘अधिकारच नाही’ हे वाक्य विधानसभेने लिहिलं, तर त्याला ठराव म्हणून राजकीय वजन येईल, कायदा म्हणून फारसं नाही.